व्हिसाची फाइल लावताना: एका बँकवालीच्या सूचना

मी बँकेत कर्ज मंजुरीच्या खात्यात नोकरी केली. तिथे बहुतेक वेळा माणूस समोर नसायचा, त्याची फाइल असायची. तो म्हणतोय ते खरं आहे का, आणि कागद त्याला दुजोरा देतात का, एवढंच ठरवायचं असायचं. निवृत्त झाल्यावर ओळखीतल्यांची मुलं स्टुडंट व्हिसाची फाइल दाखवायला येऊ लागली. चाळून बघितलं तर काम तेच निघालं. फरक इतकाच, की आता वाचणाऱ्याला काय खटकेल ते आधी शोधून काढायचं.

मुलांचा एक ठाम समज असतो, की आपण किती हुशार आहोत हे व्हिसा अधिकाऱ्याला पटवायला हवं. काही गरज नाही. हुशारी विद्यापीठाने तपासली, म्हणून तर प्रवेश मिळाला. अधिकाऱ्याचे प्रश्न अगदी रुक्ष असतात. अर्जदार तोच आहे का? प्रवेश खरा आहे का? पैसे आहेत का, कुणाचे आहेत, कुठून आले? हाच अभ्यासक्रम का, आणि व्हिसाच्या अटी हा पाळेल असं वाटतं का? फाइलमधला प्रत्येक कागद यातल्या एका तरी प्रश्नाचं उत्तर असायला हवा. ज्या कागदाला प्रश्नच सापडत नाही तो बाहेर काढा. वक्तृत्व स्पर्धेची प्रमाणपत्रं, शाळेतली शिफारसपत्रं, आजोबांच्या घराचे फोटो (हेही मी पाहिले आहेत) यांनी फाइल जाड होते आणि कामाचं पान शोधायला वेळ लागतो. तुमच्या फाइलला अधिकारी किती वेळ देईल हे तुमच्या हातात नाही. त्या वेळात त्याला काय सापडेल, हे मात्र आहे.

यादी सरकारी संकेतस्थळावरूनच

कागदपत्रांची यादी ज्या देशात जायचं त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून घ्या. तिथे तुमचं नागरिकत्व आणि सध्याचा राहता देश निवडायला सांगतात, कारण यादी त्यावर बदलते. मिळालेली यादी छापा आणि वर तारीख घाला. अर्ज भरायच्या आदल्या दिवशी पुन्हा उघडून ताडून बघा.

'गेल्या वर्षी गेलेल्या दादाने पाठवलेली यादी' घेऊन जी मुलं येतात, त्यांना मी ती बाजूला ठेवायला लावते. दादा चुकीचा नसतो, नियम बदललेले असतात. कॅनडाने स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम ही जलद योजना ८ नोव्हेंबर २०२४ ला बंद केली. ऑस्ट्रेलियात पूर्वी 'जेन्युइन टेम्पररी एन्ट्रंट' नावाचं लांबलचक निवेदन लागायचं. २३ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी 'जेन्युइन स्टुडंट'ची नेमकी प्रश्नोत्तरं आली. जुन्या नमुन्यावर बेतलेलं निवेदन तिथे आता कुणी मागतही नाही.

शिळे होणारे कागद शेवटी

तयारी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजत करायची. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसासाठी देशाबाहेरून अर्ज करताना अभ्यासक्रमाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने अर्ज करता येतो. अमेरिकेत एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रमाच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, पण देशात पाऊल मात्र अभ्यासक्रमाआधीच्या शेवटच्या ३० दिवसांतच टाकता येतं. जपानची रीत आणखी निराळी. तिथली शिक्षणसंस्था आधी तिकडच्या इमिग्रेशन कार्यालयातून तुमच्यासाठी सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी काढते, ते हातात आल्यावर तुम्ही दूतावासात व्हिसा मागता. म्हणजे तिथे खरी फाइल दूतावासात जाण्याच्या कितीतरी आधी तयार असावी लागते.

मी कागदांचे दोन ढीग करायला सांगते. एका ढिगात न शिळे होणारे: गुणपत्रिका, पदवी, जन्मदाखला, अनुभवपत्र, त्यांची भाषांतरं. हे लगेच मिळवायला घ्या, कारण विद्यापीठाची कार्यालयं आपल्या घाईने चालत नाहीत. दुसऱ्या ढिगात मुदत असलेले: बँकेचा उतारा, क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला (ब्रिटनसाठी तो सहा महिने चालतो), इंग्रजी परीक्षेचा निकाल (आयेल्ट्स आणि टोफेलचे गुण दोन वर्षं धरले जातात). हे आधी काढून ठेवणं म्हणजे पैसे पुन्हा भरायची तयारी.

पासपोर्ट या दोन्ही ढिगांच्या आधी. तो अभ्यासक्रमाच्या मधेच संपत असेल तर आताच नवा करा. आधी व्हिसा आणि मग नवा पासपोर्ट असं केलं तर पुढे दोन पासपोर्ट जोडीने वागवावे लागतात. शिवाय काही देश पासपोर्टच्या मुदतीपलीकडे परवाना देतच नाहीत. कॅनडा त्यातला एक.

नाव

नावाचा घोळ मला प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या फाइलमध्ये सापडतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे, गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे, बँकेत फक्त आद्याक्षरं आहेत, आणि आईच्या दोन कागदांवर दोन आडनावं. आपल्याला हे एकच माणूस आहे हे माहीत असतं. वाचणाऱ्याला ते माहीत असायचं कारण नाही.

उपाय असा. पासपोर्टवरचं नाव हे मूळ धरा. एका कागदावर तीन रकाने आखा: कागदाचं नाव, त्यावर नाव कसं छापलंय, पासपोर्टपेक्षा काय वेगळं. आईवडिलांचे पैसे दाखवणार असाल तर त्यांच्यासाठीही असाच तक्ता. जिथे बदलून मिळण्यासारखं आहे तिथे बदलून घ्या. बँकेतलं नाव सहसा अर्ज दिला की दुरुस्त होतं. जिथे बदलणं शक्य नाही तिथे 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र जोडा. पासपोर्टवर फक्त आडनावाच्या जागी नाव असेल आणि पहिल्या नावाची जागा रिकामी असेल, तर अमेरिकेच्या व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं आणि पुढे विद्यापीठ, बँक, वाहन परवाना सगळीकडे तेच चिकटतं. असा पासपोर्ट असेल तर अर्जाआधी दुरुस्त करून घेतलेला बरा.

तारखांचंही तसंच. काही अर्जांत महिना आधी येतो, काहींत दिवस. ४ जुलैला जन्मलेल्याचा ७ एप्रिल व्हायला एक निष्काळजी क्षण पुरतो.

प्रवेशाचा कागद ओळीओळीने वाचा

प्रवेश मिळाल्याचं पत्र आणि व्हिसासाठीचा प्रवेशाचा कागद या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात. अमेरिकेत विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं, ब्रिटनमध्ये 'कॅस' नावाचा क्रमांक, ऑस्ट्रेलियात सीओई, म्हणजे कन्फर्मेशन ऑफ एनरोलमेंट. कॅनडात प्रवेशपत्रासोबत बऱ्याच अर्जदारांना प्रांताचं संमतीपत्रही लागतं, आणि १ डिसेंबर २०२३ पासून प्रवेशपत्र खरं आहे का हे तिथलं इमिग्रेशन खातं थेट शिक्षणसंस्थेला विचारून घेतं.

हा कागद आला की नाचायच्या आधी पेन्सिल घ्या. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, अभ्यासक्रमाचं नाव आणि पातळी, सुरू होण्याची व संपण्याची तारीख, एकूण शुल्क, तुम्ही भरलेली रक्कम. भरलेली रक्कम अनेकदा कागदावर आलेली नसते. ती तिथे दिसली तर तितके पैसे तुम्हाला खात्यात कमी दाखवावे लागतात, म्हणून ही ओळ महत्त्वाची. चूक असेल तर विद्यापीठालाच लिहा आणि दुरुस्त कागद मागवा. 'अर्जात योग्य लिहीन, चालेल' असं करू नका, कारण अधिकाऱ्याच्या पडद्यावर विद्यापीठाने पाठवलेली नोंद असते. आय-२० वर तुमची स्वतःचीही सही लागते, ती राहून जाते.

पैसे

आता माझ्या खात्यातला विषय. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

किती पैसे दाखवायचे हा आकडा स्वतःच्या अंदाजाने काढायचा नसतो. बहुतेक देशांनी राहण्याच्या खर्चाचा अधिकृत आकडा ठरवलेला असतो. जर्मनीत तो महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो आहे, आणि बहुतेक विद्यार्थी तो 'श्पेरकोन्टो' या गोठवलेल्या खात्यात आधीच भरतात. तिथे पोचल्यावर दरमहा ठरलेलाच हप्ता बाहेर येतो. कॅनडाने एकट्या विद्यार्थ्यासाठीचा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ कॅनेडियन डॉलर केला. यात शुल्क आणि प्रवासखर्च धरलेला नाही. ऑस्ट्रेलियाचा आकडा मे २०२४ पासून वर्षाला २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर. हे आकडे अधूनमधून वाढतात, तेव्हा अर्जाच्या दिवशी जो असेल तो धरा आणि वर थोडी जास्तीची रक्कम ठेवा. विनिमय दर एका आठवड्यात हलला आणि रक्कम काठाखाली गेली, हे रडगाणं कुणी ऐकत नाही.

किती दिवस दाखवायचे हा दुसरा भाग. ब्रिटनचा नियम सगळ्यात काटेकोर आणि सगळ्यात जास्त चुकीचा समजला जाणारा. आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असायला हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्ज भरण्याच्या आधीच्या ३१ दिवसांत पडायला हवा. समजा उताऱ्यावरची शेवटची शिल्लक ३० जूनची आहे. तर ३ जून ते ३० जून या काळात एकही दिवस शिल्लक त्या रकमेखाली जाता कामा नये, आणि अर्ज जुलै संपायच्या आत भरलेला हवा. मधे एका दिवशी कुणी विम्याचा हप्ता भरला, शिल्लक थोडीशी खाली गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर आली, तरी मोजणी नव्याने सुरू होते. त्या महिन्यात ते खातं गोठवल्यासारखंच वागवा. आपोआप वळते होणारे सगळे हप्ते दुसऱ्या खात्याकडे फिरवा.

पैसे कुणाचे, हा तिसरा. ब्रिटनला स्वतःचे, जोडीदाराचे किंवा आईवडिलांचे, कायदेशीर पालकांचे पैसे चालतात. काकांचे चालत नाहीत, काका कितीही प्रेमळ असले तरी. आईवडिलांचे असतील तर नातं सांगणारा जन्मदाखला आणि 'हे पैसे या मुलीच्या शिक्षणासाठी वापरायला आमची संमती आहे' असं सहीचं पत्र. इतर काही देशांत नातेवाईक प्रायोजक चालतो, पण मग तो का देतोय, त्याचं उत्पन्न किती, त्याच्यावर आणखी कोण अवलंबून आहे, हे सगळं कागदावर आणावं लागतं.

आणि चौथा भाग, ज्यावर निम्म्या फाइली अडखळतात: पैसे आले कुठून. बँकेत आम्ही शिल्लक सगळ्यात शेवटी बघायचो. आधी नजर जमेच्या रकान्यावरून खाली उतरायची. वर्षभर ज्या खात्यात तीस-चाळीस हजार इकडेतिकडे होतात, तिथे एका मंगळवारी नऊ लाख जमा झाले, की पेन तिथे थांबतं. ते पैसे शंभर टक्के खरे असतील. पण उताऱ्यावर फक्त 'जमा' एवढंच दिसतं, आणि वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो उसन्या पैशाचा.

म्हणून प्रत्येक मोठ्या जमेला माग द्या. मुदत ठेव मोडली असेल तर ठेवीची पावती, मोडल्याचा बँकेचा कागद आणि खात्यातली नोंद, तिन्ही एकापाठोपाठ लावा. जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि खरेदीदाराकडून आलेल्या रकमेची नोंद. भविष्य निर्वाह निधीतून काढले असतील तर मंजुरीचं पत्र. आणि त्यांच्या आधी एक छोटं टिपण: 'पान ७, १४ मार्चची नोंद: वडिलांची मुदत ठेव, पावती पान ९ वर, मोडल्याचं पत्र पान १० वर.' बस्स, इतकंच. बँकेच्या कागदावर स्वतः काही लिहू नका, रंगवू नका, गोल करू नका. त्यावर बाहेरची शाई दिसली की कागद मूळ आहे की खाडाखोड केलेला, ही नवी शंका जन्माला येते.

उत्पन्नाचे कागद एकमेकांशी बोलतात का तेही बघा. एका मुलाच्या फाइलमध्ये अर्जात वडिलांचा पगार एक, पगारपत्रकावर दुसरा आणि खात्यात तिसराच होता. लबाडी काहीच नव्हती. अर्जात ढोबळ पगार होता, पत्रकात कपातीनंतरचा, आणि खात्यात येताना सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आधीच वळता होत होता. कार्यालयाकडून दोन ओळींचं पत्र घेतलं, त्यात तिन्ही आकडे क्रमाने मांडले, आणि ताळा जुळला. असे तीन आकडे तुमच्याही फाइलमध्ये असतील. शोधा.

घर, जमीन, दागिने यांच्या मूल्यांकनाचे जाड अहवाल मी सहसा मागे टाकते. घराने कुटुंबाची पत कळते, पण सप्टेंबरचं शुल्क घर भरत नाही. ब्रिटनला तर शेअर्सही चालत नाहीत, हातात लगेच येणारा पैसा लागतो. शैक्षणिक कर्ज मात्र बहुतेक ठिकाणी भक्कम पुरावा ठरतं, कारण दुसऱ्या कुणी तरी तुमची चौकशी आधीच केलेली असते. फक्त पत्र अंतिम मंजुरीचं हवं. 'तत्त्वतः मंजूर' असं लिहिलेलं पत्र म्हणजे बँकेने अजून काहीच कबूल केलेलं नाही, हे मी असली पत्रं स्वतः लिहिलेली असल्यामुळे खात्रीने सांगते.

हे सगळं झालं की एक पानाचा ताळेबंद करा. डाव्या बाजूला गरज: पहिल्या वर्षाचं शुल्क, वजा भरलेलं, अधिक राहण्याचा अधिकृत खर्च, प्रवास. उजव्या बाजूला स्रोत: खात्याचे शेवटचे चार अंक, खातेदाराचं नाव, अर्जदाराशी नातं, शिल्लक, कोणत्या तारखेची, फाइलमधलं पान. खाली दोन बेरजा, वापरलेला विनिमय दर आणि त्याची तारीख. हे पान कुठल्याही देशाच्या यादीत नसतं. तरी मी ते आर्थिक कागदांच्या डोक्यावर लावायला लावते.

आणि एक गोष्ट कडक शब्दांत. चार आठवड्यांसाठी पैसे भाड्याने देणारे, बँकेचा उतारा 'तयार करून' देणारे लोक सगळीकडे आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका. उतारा खरा आहे का हे अधिकारी बँकेला विचारू शकतो, आणि बँक उत्तर देते. मी दिलेली आहेत. खोटा कागद सापडला तर नुसता नकार येत नाही. कॅनडात पाच वर्षांची बंदी, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची येऊ शकते, आणि अमेरिकेत ती आयुष्यभराचीही ठरू शकते.

निवेदन

हाच अभ्यासक्रम का, हे सांगणाऱ्या निवेदनावर बहुतेक मुलं सगळ्यात जास्त वेळ घालवतात आणि सगळ्यात कमी सांगतात. नमुना साधारण असा: 'लहानपणापासूनच मला पर्यावरणाची आवड होती. आपले जागतिक दर्जाचे विद्यापीठ आणि अनुभवी प्राध्यापक माझ्या स्वप्नांना पंख देतील.' यातली एकही गोष्ट तपासता येत नाही, आणि विद्यापीठाचं नाव बदललं तरी वाक्य जसंच्या तसं चालतं. त्याच मुलीशी तासभर बोलल्यावर आम्ही हे लिहिलं: 'पदवीनंतर तीन वर्षं मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. पाण्यात जड धातू किती आहेत हे मी मोजते, पण ते काढायचे कसे हे माझ्या पदवीत नव्हतं. या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात गाळण पटलांवर स्वतंत्र विषय आहे आणि त्याचं प्रात्यक्षिकही. प्रयोगशाळेने दोन वर्षांची बिनपगारी रजा मंजूर केली आहे, पत्र पान २२ वर.' आता प्रत्येक वाक्यामागे फाइलमध्ये एक कागद आहे. निवेदन तपासायची माझी एकमेव कसोटी हीच, की वाक्यावर बोट ठेवलं की पान सांगता यायला हवं.

अडचणीच्या गोष्टी लपवू नका, आधी स्वतःच सांगा. दोन वर्षं नोकरी नव्हती, एक वर्ष नापास झालात, अभियांत्रिकी करून आता व्यवस्थापनाकडे वळताय. कारण दोन ओळींत, सरळ. 'आई आजारी होती, मी घरी होतो, उपचाराचे कागद सोबत' हे पुरेसं असतं. रकाने भरून करुणा ओतली की उलट संशय येतो.

ऑस्ट्रेलियाच्या अर्जात प्रत्येक प्रश्नाला जास्तीत जास्त १५० शब्द मिळतात. इतर देशांसाठीही हीच शिस्त पाळा, फार फायदा होतो.

परत येणार का, या प्रश्नाचं वजन देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेच्या कायद्यात २१४(बी) हे कलम आहे. त्यानुसार एफ-१ चा अर्जदार तिथे कायमचं राहायला येतोय असं गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर असते. तिथे 'मला माझ्या देशावर प्रेम आहे' याला किंमत नाही. शिकून परत आल्यावर कुठल्या प्रकारच्या कामात तुमची पदवी उपयोगी पडते, हे नेमकं सांगता आलं पाहिजे.

अर्ज, भाषांतर, स्कॅन

अर्ज स्वतः भरा. सल्लागाराची मदत घेतलीत तरी लॉगिन, ईमेल आणि पासवर्ड तुमचे असू द्या आणि पाठवण्याआधी प्रत्येक पान वाचा. सही तुमची असते, म्हणून जबाबदारीही तुमचीच. 'पूर्वी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का' याला खरं उत्तर द्या. नकार लपवणं हे नकारापेक्षा कितीतरी महाग पडतं, कारण अनेक देश ही माहिती आपसांत वाटून घेतात. अमेरिकेच्या डीएस-१६० या व्हिसा अर्जात गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती विचारतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं जातं. तिथे लिहिलेली नोकरी आणि अर्जातली नोकरी एकच आहे ना, बघून घ्या.

भाषांतर घरातल्या इंग्रजी चांगल्या असणाऱ्या माणसाकडून नको. ब्रिटनला भाषांतरावर ते अचूक असल्याची खात्री, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क लागतो. भाषांतरासोबत मूळ कागदही हवाच. एखाद्या देशाने अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून घेतलेला सरकारी शिक्का) मागितलं असेल तर भाषांतरकाराकडे जाण्याआधी विचारा, की शिक्का आधी की भाषांतर आधी. क्रम चुकला तर दोन्ही पुन्हा.

स्कॅन सरळ, रंगीत, चारही कडा दिसतील असं. सावली पडलेला मोबाइलवरचा फोटो नको. मागच्या बाजूला शिक्का असेल तर मागची बाजूही. फाइलींना अर्थ असणारी नावं द्या. 'स्कॅन००३७' असं नाव बघून वाचणाऱ्याला उघडल्याशिवाय काही कळत नाही. फोटोचं माप देशाच्या पानावरून घ्या: अमेरिकेचा ५१ बाय ५१ मिलिमीटर आणि बिनचष्म्याचा, शेंगेनचा ३५ बाय ४५.

मुलाखत

सगळ्या देशांत नसते. असलीच तर पाठ करून जाऊ नका. अर्ज, निवेदन आणि ताळेबंदाचं पान आदल्या रात्री पुन्हा वाचा, म्हणजे तोंडून निघालेला आकडा आणि कागदावरचा आकडा एकच राहील. विचारलं तेवढंच सांगा, आणि प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारा. वडील काय करतात असं विचारलं तर ते काय करतात तेच सांगा. कुटुंबाची महती तिथे कुणाला ऐकायची नसते.

निकाल आल्यावर

हातात निकाल येईपर्यंत परत न मिळणारं तिकीट आणि घराचं डिपॉझिट टाळा. नकार आला तर पत्र दोनदा वाचा आणि कारण कुठल्या कागदाशी जोडलेलं आहे ते शोधा. तोच अर्ज घाईने पुन्हा टाकला तर तेच उत्तर येतं. कॅनडात अधिकाऱ्याने काय टिपून ठेवलं ते माहितीच्या अर्जाने मिळवता येतं, आणि नकाराच्या छापील पत्रापेक्षा त्या टिपणातून जास्त कळतं. जर्मनीत पूर्वी नकारावर दूतावासाकडेच फेरविचार मागता यायचा. ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली, त्यामुळे आता नवा अर्ज किंवा तिथलं न्यायालय.

व्हिसा आला तर त्यावरचं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि दोन्ही तारखा तिथल्या तिथे तपासा. चूक प्रवासाआधी सांगितली तर सहसा दुरुस्त होते. मग फाइलची एक पूर्ण प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, तळाशी जाणाऱ्या सामानात नको. विमानतळावरचा अधिकारी आय-२० किंवा प्रवेशपत्र आणि पैशाचे कागद पुन्हा मागू शकतो. कॅनडात तर अर्ज मंजूर झाल्यावर तुम्हाला पासपोर्टवरच्या व्हिसासोबत परवाना मंजूर झाल्याचं नुसतं पत्र येतं. शिक्षणाचा खरा परवाना तिथे उतरल्यावर, त्या खिडकीत छापून देतात. तो घेतल्यावर काउंटर सोडायच्या आधी त्यावरचीही तारीख वाचा.